युनिक्स प्रणालीतील दूरस्थ रूट-प्रवेश

युनिक्स या संगणकीय प्रचालन प्रणालीत सर्वाधिकार असलेल्या ‘रूट’ नावाच्या खात्यात दुसऱ्या ठिकाणच्या संगणकावरून, तारा वा जालाच्या मार्गाने शिरणे म्हणजे दूरस्थ रूट-प्रवेश होय. हा प्रवेश मिळालेल्या व्यक्तीस प्रणालीतील कोणतीही धारिका वाचता, बदलता वा पुसता येते. इतरांची खाती निर्माण वा रद्द करता येतात. चालू असलेली कोणतीही आज्ञावली थांबविता येते आणि स्वतःच्या कृत्यांची नोंदही नाहीशी करता येते. म्हणून हा अधिकार कोणास, कोठून व कोणत्या मार्गाने मिळावा, हा प्रश्न युनिक्सच्या जन्मापासून तिच्याबरोबर आहे. या प्रश्नाच्या इतिहासात तीन टप्पे स्थूलमानाने दिसतात. प्रथम रूटचा परवलीचा शब्द गुप्त राखणे एवढाच उपाय होता. नंतर तो शब्द ज्या मार्गाने जातो तो मार्ग कूटबद्ध करण्यात आला. अखेरीस, रूट या निनावी खात्यास बाहेरून थेट प्रवेशच नाकारावा आणि प्रत्येकाने आपल्या नावाने आत येऊन मगच आवश्यक तेवढा अधिकार घ्यावा, हा दंडक रूढ झाला. येथे युनिक्स या संज्ञेत मूळ प्रणालीबरोबरच बीएसडी, सोलॅरिस, लिनक्स इ. तिच्या वंशातील व तिच्या धर्तीच्या प्रणालींचाही समावेश केला आहे. [⟶ संगणक].

संज्ञा व रचना : युनिक्सचा आरंभ १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी केला. या प्रणालीत सर्व धारिका एखाद्या उलट्या वृक्षाप्रमाणे रचलेल्या असतात आणि त्या वृक्षाच्या आरंभस्थानास रूट, म्हणजे मूळ, असे म्हणतात. सर्वाधिकारी खात्यासही हेच नाव आहे. प्रणालीचा गाभा मात्र नाव पाहत नाही. तो प्रत्येक खात्याचा क्रमांक पाहतो. सर्वाधिकारी खात्याचा क्रमांक शून्य आहे. सामान्य वापरकर्त्याने धारिका उघडू पाहिल्यास गाभा धारिकेचा मालक, त्याचा गट व इतर या तीन वर्गांना दिलेल्या परवानग्या तपासतो. शून्य क्रमांकाच्या बाबतीत ही तपासणी बहुतांशी होतच नाही.

असे खाते अनावश्यक नाही. नवीन तबकडी जोडणे, नवी खाती उघडणे, सर्वांच्या धारिकांची राखीव प्रत काढणे, बंद पडलेली प्रणाली पुन्हा उभी करणे ही कामे कोणाला तरी करावीच लागतात. अडचण निराळीच आहे. रूट हे खाते म्हणजे व्यक्ती नव्हे. पाच चालकांना त्याचा परवलीचा शब्द ठाऊक असेल, तर पाचही जण प्रणालीच्या दृष्टीने एकच असतात. एखादी धारिका नाहीशी झाल्यास ती रूटने पुसली एवढेच नोंदीत आढळते. पाचांपैकी कोणी, हे कळत नाही. त्यांपैकी एकाने नोकरी सोडली, तर सर्वांनाच नवा शब्द द्यावा लागतो. पुढील सर्व उपायांचा रोख या निनावीपणाकडे आहे.

सामान्य वापरकर्त्यास काही कामे रूटच्या अधिकाराशिवाय करता येत नाहीत. उदा., स्वतःचा परवलीचा शब्द बदलताना सर्वांची खाती असलेली धारिका बदलावी लागते. यासाठी रिची यांनी अशी योजना काढली की, विशिष्ट आज्ञावली चालू असेपर्यंत तिला तिच्या मालकाचा अधिकार मिळावा. ती संपली की अधिकारही संपावा. या कल्पनेस १९७९ मध्ये अमेरिकेत एकस्व मिळाले. सर्व अधिकार माणसास न देता एका ठरावीक कामापुरता तो उसना देण्याची ही पहिली व्यवस्था होय. तिचाच दुरुपयोग पुढे अनेक चोरवाटांचे कारण ठरला, कारण अशा आज्ञावलीत एखादी चूक राहिल्यास उसना घेतलेला अधिकार परत न करताच बाहेर पडता येते.

परवलीच्या शब्दाचा काळ : आरंभीच्या युनिक्स संगणकांची टर्मिनले त्याच इमारतीत तारांनी जोडलेली असत. खोलीचे कुलूप हाच सुरक्षेचा मोठा भाग होता. दूरध्वनीच्या तारांवरून प्रवेशाची सोय झाली, तेव्हा अनोळखी माणूसही दारापर्यंत येऊ लागला आणि परवलीच्या शब्दाला महत्त्व आले. रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्पसन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात या शब्दांची कथा सांगितली आहे. शब्द जसाच्या तसा न साठवता त्याचे एकमार्गी रूपांतर साठवावे, म्हणजे धारिका चोरीस गेली तरी शब्द उघड होत नाही. तसेच प्रत्येक शब्दात एक यादृच्छिक अंश मिसळावा, म्हणजे दोघांचा शब्द एकच असला तरी त्याचे साठविलेले रूप वेगळे दिसते, अशा दोन सुधारणा त्यांनी मांडल्या. त्याच लेखात ३,२८९ परवलीच्या शब्दांची पाहणी आहे. त्यांपैकी ८६ टक्के शब्द फार आखूड होते किंवा शब्दकोशात अथवा नावांच्या यादीत सहज सापडणारे होते. गणिताने बळकट केलेले कुलूप माणसाच्या सवयीमुळे सैल पडते, हे यावरून प्रथमच आकड्यांनी दिसले.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत वाढलेल्या बीएसडी प्रणालीत आणखी दोन बंधने आली. प्रत्येक टर्मिनल ‘सुरक्षित’ आहे की नाही याची यादी ठेवण्यात येऊ लागली आणि यादीत सुरक्षित म्हणून नोंदलेल्या टर्मिनलवरूनच रूटला थेट प्रवेश मिळू लागला. इतर ठिकाणांहून आलेल्याने आधी आपल्या खात्यात शिरावे व नंतर ‘सु’ ही आज्ञा देऊन रूटचा अधिकार घ्यावा, असा क्रम ठरला. ही आज्ञाही ‘व्हील’ नावाच्या गटाच्या सदस्यांनाच वापरता येई. यामुळे कोणत्या व्यक्तीने केव्हा रूट होण्याचा प्रयत्न केला याची नोंद राहू लागली. दंडकाचे बीज येथेच पडले. परंतु पुढील दशकात जालाच्या सोयीपुढे ते मागे पडले.

टेलनेट व आर-लॉगिन : संगणकांची जाले वाढल्यावर दूरस्थ प्रवेशासाठी दोन मार्ग विशेष प्रचारात आले. टेलनेट या संकेताची मुळे १९६९ च्या आर्पानेट जालात आहेत; त्याचे प्रमाणित रूप १९८३ मध्ये ठरले. त्यात टंकलेले प्रत्येक अक्षर उघड्या स्वरूपात जालावरून जाते. मधल्या तारेवर कान लावून बसलेल्यास खात्याचे नाव व परवलीचा शब्द दोन्ही वाचता येतात. एकाच तारेवर अनेक संगणक असलेल्या ईथरनेट जालात तर त्यासाठी फारसे कौशल्यही लागत नाही.

आर-लॉगिन ही सोय १९८३ च्या बीएसडी ४.२ आवृत्तीबरोबर पसरली. तिच्यात परवलीचा शब्द न मागताही प्रवेश मिळे. प्रत्येक वापरकर्ता आपल्या खात्यात एका लहान धारिकेत विश्वासू संगणकांची नावे लिहून ठेवी आणि त्या संगणकावरून आलेल्यास दार आपोआप उघडे. रूटच्या खात्यातही अशी धारिका ठेवता येई. एकाच संस्थेतील दहा संगणक सांभाळणाऱ्या चालकास ही सोय वरदानच वाटे. परंतु विश्वास संगणकाच्या नावावर व पत्त्यावर होता, माणसाच्या ओळखीवर नव्हे. एक संगणक पडला की त्याच्यावर विसंबलेले सर्व पडत.

या काळातील तीन घटना उल्लेखनीय आहेत. १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणक-वापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत आढळली. तिचा माग काढताना खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टोल यांना दिसले की, एका संपादक आज्ञावलीबरोबर येणाऱ्या उपकरणातील दोषाचा फायदा घेऊन कोणी परका सर्वाधिकारी बनतो आहे. आत शिरलेला माणूस रूट असल्याने संगणकातील नोंदी त्याला पुसता येत होत्या. म्हणून स्टोल यांनी बाहेरून येणाऱ्या तारांवर मुद्रणयंत्रे जोडली. कागदावरील नोंद त्याला पुसता येणे शक्य नव्हते. अखेरीस हा घुसखोर पश्चिम जर्मनीत सापडला. रूटच्या कृत्यांची नोंद रूटच्या हाताबाहेर ठेवावी, हा धडा या घटनेने दिला.

दुसरी घटना २ नोव्हेंबर १९८८ ची. रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेली, आपोआप पसरणारी एक आज्ञावली त्या दिवशी इंटरनेटवरील युनिक्स संगणकांत शिरली. त्या वेळच्या सुमारे ६०,००० संगणकांपैकी सुमारे ६,००० बाधित झाले असावेत, असा अंदाज करण्यात आला. तिने इतर दोषांबरोबरच विश्वासू संगणकांच्या याद्या वापरल्या आणि ४३२ सामान्य शब्दांची यादी घेऊन परवलीचे शब्द ओळखण्याचा प्रयत्न केला. रूटच्या अधिकाराचा खास उपयोग तिने केला नाही. तरीही संगणक ठप्प झाले. यानंतर त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात आणीबाणीच्या प्रसंगी साहाय्य करणारे केंद्र स्थापन झाले. तिसरी घटना २५ डिसेंबर १९९४ ची. केव्हिन मिटनिक याने त्सुतोमु शिमोमुरा या संशोधकाच्या संगणकास आपण विश्वासू संगणक आहोत असे खोट्या पत्त्याने भासविले आणि रूटच्या विश्वास-यादीत ‘सर्वांना प्रवेश’ असा अर्थ असलेली दोन चिन्हे लिहिली. केवळ दोन अधिकचिन्हांनी संपूर्ण संगणक जगाला खुला झाला.

महाराष्ट्रातील परिस्थिती : भारतात युनिक्सचा व जालाचा प्रसार मुख्यतः शैक्षणिक व संशोधन संस्थांतून झाला आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका गटातून १९८५ मध्ये राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र स्थापन झाले. श्रीनिवासन रमणी हे त्याचे प्रमुख होते. शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने अर्नेट हे शैक्षणिक जाल सुरू केले. हे केंद्र, मुंबईची भारतीय तंत्रविज्ञान संस्था, तिच्या इतर चार भगिनी संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था या जालात सहभागी होत्या.

आरंभी या संस्था दूरध्वनीच्या तारेवरून, युनिक्सबरोबरच येणाऱ्या यूयूसीपी या पद्धतीने जोडल्या गेल्या. या पद्धतीत एक संगणक दुसऱ्यास दूरध्वनी करी, साठलेले टपाल देई-घेई व तार तोडी. दूरस्थ प्रवेशाच्या दृष्टीने तिची एक बाजू लक्षणीय आहे. दूरध्वनी करणारा संगणक रूट म्हणून वा एखाद्या माणसाच्या नावाने शिरत नसे. त्याच्यासाठी वेगळे खाते असे आणि त्या खात्यात टपालाची देवाणघेवाण करणारी एकच आज्ञावली चाले. परक्यास कामापुरतेच दार उघडण्याचा हा साधा नमुना होता. १९८९ मध्ये मुंबईचे केंद्र अमेरिकेतील यूयूनेटशी सेकंदाला ९,६०० अंश वाहणाऱ्या भाड्याच्या तारेने जोडले गेले. दुवा कायमचा झाल्यावर बाहेरच्या जगालाही दार ठोठावण्याची सोय झाली. पुढे हे केंद्र पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्रात विलीन करण्यात आले.

सामान्य नागरिकास दूरस्थ युनिक्स-प्रवेशाचा परिचय विदेश संचार निगमाने करून दिला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी निगमाने मुंबईसह चार महानगरांत इंटरनेट सेवा सुरू केली. तिच्या स्वस्त प्रकारात, घरच्या संगणकावरून मोडेमने दूरध्वनी केल्यावर निगमाच्या युनिक्स संगणकावरील ‘शेल’ खात्यात प्रवेश मिळे आणि काळ्या पडद्यावरील अक्षरांतूनच टपाल व जगातील माहिती वाचता येई. अनेक विद्यार्थ्यांनी युनिक्सच्या आज्ञा प्रथम अशाच शिकल्या. एकाच संगणकावर असंख्य अनोळखी माणसे वावरत असताना त्यांना एकमेकांपासून व रूटपासून वेगळे ठेवणारी भिंत म्हणजे वर वर्णिलेल्या परवानग्याच होत्या. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक व १९९८ मध्ये परम १०००० तयार केला. महासंगणकाजवळ बसून कोणी काम करीत नाही. संशोधक आपापल्या संस्थेतूनच त्यात शिरतात. त्यामुळे दूरस्थ प्रवेश ही अशा यंत्रांची केवळ सोय नसून त्यांच्या वापराची अटच असते.

या प्रश्नाचे गांभीर्य महाराष्ट्रात सर्वांत ठळकपणे जाणवले ते १९९८ मध्ये. ११ व १३ मे रोजी पोखरण येथे अणुचाचण्या झाल्यानंतर, जूनच्या आरंभी ‘मिलवर्म’ या नावाने वावरणाऱ्या, वेगवेगळ्या देशांतील किशोरवयीन मुलांच्या गटाने मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या इंटरनेटशी जोडलेल्या संगणकांत प्रवेश केला. अमेरिकेतील काही शासकीय व लष्करी संगणकांवरून उड्या मारीत, म्हणजे एकातून दुसऱ्यात शिरत, ते तुर्भ्यापर्यंत पोहोचले व त्यांनी रूटचा अधिकार मिळविला, असे त्या वेळच्या वृत्तांतांत आले. केंद्रातील ई-टपाल त्यांनी हस्तगत केले आणि संकेतस्थळाच्या पानावर अणुस्फोटाच्या ढगाचे चित्र व अण्वस्त्रविरोधी मजकूर ठेवला. केंद्राने आरंभी इन्कार करून नंतर प्रवेश झाल्याचे मान्य केले. मात्र घटनेचे महत्त्व मर्यादित असल्याचे त्याचे म्हणणे होते. गेलेला मजकूर किती मोलाचा होता, यापेक्षा वेगळी एक गोष्ट या घटनेने दाखविली. देशातील अत्यंत बंदोबस्ताच्या परिसराच्या फाटकावर पहारा असला, तरी परिसरातील संगणकाच्या दारावर तो आपोआप येत नाही. आणि तीन खंडांत विखुरलेली शाळकरी वयाची मुले रात्रीत त्या दारापर्यंत येऊ शकतात.

एसएसएच : उघड्या मार्गावरील उपाय १९९५ मध्ये फिनलंडमधून आला. हेलसिंकी तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या जालावर परवलीचे शब्द टिपून घेतले गेल्यामुळे तेथील संशोधक तातू इलोनेन यांनी ‘सिक्युअर शेल’ म्हणजे एसएसएच ही आज्ञावली लिहिली व जुलै १९९५ मध्ये सर्वांना खुली केली. त्या वर्षाच्या अखेरीस सुमारे ५० देशांत तिचे सुमारे २०,००० वापरकर्ते झाले. १९९९ मध्ये ओपनबीएसडी प्रकल्पाने ओपनएसएसएच ही तिची मुक्त आवृत्ती काढली आणि तीच पुढे सर्वत्र रूढ झाली. संकेताची दुसरी आवृत्ती २००६ मध्ये प्रमाणित झाली.

या पद्धतीचे कार्य तीन पायऱ्यांत चालते. प्रथम दूरचा संगणक आपली ओळख पटवितो, म्हणजे खोट्या पत्त्यावरील तोतया संगणक लक्षात येतो. नंतर दोन्ही संगणक, मधल्या कोणासही कळणार नाही अशा गणिती रीतीने, त्या भेटीपुरती एक गुप्त किल्ली ठरवितात व पुढील सर्व संभाषण तिने कूटबद्ध होते. या रीतीचा पाया व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये घातला होता. शेवटी वापरकर्ता आपली ओळख पटवितो. त्यासाठी परवलीचा शब्द वापरता येतो. परंतु किल्लीची जोडी वापरणे अधिक सुरक्षित असते. जोडीतील सार्वजनिक किल्ली दूरच्या संगणकावर ठेवलेली असते व खाजगी किल्ली वापरकर्त्याजवळून कधीच हलत नाही. तो तिने केवळ सही करून दाखवितो. त्यामुळे मार्गावर चोरण्यासारखे काही उरत नाही.

मार्ग सुरक्षित झाल्यावरही रूटचा प्रश्न शिल्लक राहिला. जगातील प्रत्येक युनिक्स संगणकावर ‘रूट’ हे नाव असतेच. चोरट्याला सामान्यतः नाव व परवलीचा शब्द या दोन गोष्टी ओळखाव्या लागतात. रूटच्या बाबतीत पहिली त्याला आधीच ठाऊक असते. इंटरनेटशी जोडलेल्या संगणकावर स्वयंचलित आज्ञावल्या रात्रंदिवस याच नावाने शब्द लावून पाहत असतात. यासाठी ओपनएसएसएचमध्ये रूटच्या थेट प्रवेशाविषयी चार पर्याय ठेवले आहेत : पूर्ण मुभा, पूर्ण मनाई, परवलीच्या शब्दास मनाई करून किल्लीने मुभा आणि ठरवून दिलेल्या आज्ञेपुरतीच मुभा. शेवटचा पर्याय रात्री आपोआप राखीव प्रत काढणाऱ्या यंत्रासारख्या कामांसाठी उपयुक्त ठरतो. आरंभीची अनेक वर्षे या आज्ञावलीत पूर्ण मुभा हाच मूळ पर्याय असे. ऑगस्ट २०१५ मधील सातव्या आवृत्तीपासून परवलीच्या शब्दाने रूटचा प्रवेश मुळातच बंद ठेवण्यात आला.

अधिकाराची विभागणी : जेरोम सॉल्टझर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये दोन तत्त्वे स्पष्ट मांडली होती. प्रत्येक वापरकर्त्यास व आज्ञावलीस कामापुरताच अधिकार असावा, हे एक. आणि महत्त्वाचे कुलूप एका किल्लीने न उघडता दोन वेगळ्या किल्ल्यांनी उघडावे, हे दुसरे. ही बुद्धी संगणकापूर्वीचीच आहे. शिवकालीन गडावर हवालदार, सरनोबत व सबनीस हे तीन समान दर्जाचे अधिकारी असत, असे सभासद बखरीत सांगितले आहे. एकजण फितूर झाला तरी गड शत्रूच्या हाती जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता. संगणकातील रूट मात्र या तिघांचाही अधिकार एकटाच भोगतो. म्हणून तेथे ही विभागणी कृत्रिम रीतीने आणावी लागते.

त्यासाठी सर्वांत प्रचलित साधन म्हणजे ‘सुडू’ ही आज्ञावली. ती १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफलो शाखेत बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर यांनी तयार केली. कोणत्या माणसाने कोणत्या संगणकावर कोणती आज्ञा रूटच्या अधिकाराने द्यावी, हे तीत लिहून ठेवता येते. आज्ञा देताना वापरकर्ता रूटचा नव्हे, स्वतःचाच परवलीचा शब्द देतो आणि त्याचे नाव, वेळ व आज्ञा नोंदीत उमटते. रूटचा शब्द कोणालाच माहीत नसला तरी काम अडत नाही. काही लिनक्स प्रणालींत रूटचे खाते आरंभापासूनच कुलूपबंद असते ते यामुळे. मात्र यादी सैलपणे लिहिल्यास विभागणी नावापुरतीच राहते. उदा., ज्या संपादक आज्ञावलीतून नवे शेल उघडता येते तिची परवानगी देणे म्हणजे संपूर्ण रूट देणेच होय. खुद्द सुडूमध्ये २०११ पासून राहिलेला एक दोष जानेवारी २०२१ मध्ये उघडकीस आला. त्यामुळे परवानगी नसलेला वापरकर्ताही रूट होऊ शकत होता.

आधुनिक व्यवस्थेत पुढील उपाय एकत्र योजले जातात : रूटचा थेट दूरस्थ प्रवेश बंद ठेवणे; परवलीच्या शब्दाऐवजी किल्ली वापरणे व तिच्या जोडीस भ्रमणध्वनी वा लहान उपकरणावरील दुसरा पुरावा मागणे; अंतर्गत संगणकांत थेट न येता एका पहाऱ्याच्या संगणकातूनच येण्याची सक्ती करणे; वारंवार चुकीचा शब्द देणाऱ्या पत्त्यास काही काळ बंदी घालणे; नोंदी तत्काळ दुसऱ्या संगणकावर पाठविणे आणि नोकरी सोडणाऱ्याची किल्ली त्याच दिवशी काढून टाकणे. यांतील शेवटचा उपाय सर्वांत साधा असूनही दुर्लक्षिला जाण्याचा संभव अधिक असतो. सर्व दूरस्थ मार्ग बंद पडल्यास यंत्राजवळ प्रत्यक्ष बसून रूट म्हणून शिरण्याची सोय राखणे आवश्यक असते. अन्यथा चोराबरोबर धन्यालाही बाहेर राहावे लागते.

मर्यादा : किल्ली व कूटलेखन यांवरील भिस्त काही प्रसंगी धोक्याची ठरली आहे. डेबियन या लिनक्स-वितरणात सप्टेंबर २००६ मध्ये झालेल्या एका बदलामुळे किल्ल्या घडविताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ नष्ट झाली. प्रत्येक जातीच्या व लांबीच्या केवळ ३२,७६८ किल्ल्या संभवत होत्या आणि त्या सर्व लावून पाहणे सहज शक्य होते. हा दोष मे २००८ पर्यंत लक्षात आला नाही. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या धारिका आकसणाऱ्या साधनात कोणी हेतुपुरस्सर चोरवाट ठेवल्याचे आंद्रेस फ्रॉइंड यांना, प्रवेशास होणाऱ्या किंचित विलंबाचा माग काढताना, आढळले. ती वाट काही लिनक्स प्रणालींतील एसएसएचच्या दारातून थेट आत नेणारी होती. काही वर्षे त्या प्रकल्पात विश्वासाने काम करून चोरट्याने हे साधले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये ओपनएसएसएचमधील असा एक दोष जाहीर झाला की, ओळख न पटविताही रूटचा अधिकार मिळणे शक्य होते. २००६ मध्ये दुरुस्त झालेला हा दोष २०२० मधील एका बदलाने परत आला होता. कुलूप उत्तम असले तरी ते घडविणाऱ्याच्या कामावरही लक्ष ठेवावे लागते, हे या घटनांचे तात्पर्य होय.

कायदा व लहान गावे : भारतात अनधिकृत प्रवेश हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये दंडनीय आहे. संगणकीय आणीबाणीत साहाय्य करणारे सर्ट-इन हे केंद्र २००४ पासून कार्य करीत आहे. २८ एप्रिल २०२२ च्या त्याच्या निर्देशांनुसार घुसखोरीसारख्या घटनेची माहिती ती लक्षात आल्यापासून सहा तासांत द्यावी लागते आणि संगणकांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. बर्कलीच्या मुद्रणयंत्रांनी १९८६ मध्ये जे साधले, तेच येथे नियमाने साधण्याचा प्रयत्न आहे.

हा विषय आता केवळ प्रयोगशाळा व महासंगणक यांपुरता उरलेला नाही. सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडलगतचे मलकापूर हे गाव चोवीस तास मीटरबद्ध पाणीपुरवठ्यासाठी ओळखले जाते. तेथे मीटरांचे वाचन दुरून घेण्याची सोयही करण्यात आली. अशा कोणत्याही गावी पाण्याची देयके, जन्म-मृत्यूच्या नोंदी, सहकारी पतसंस्थेची खाती व रुग्णालयाचे कागद संगणकात जातात, तेव्हा त्या सर्वांच्या मुळाशी कोठे तरी एक सर्वाधिकारी खाते असते. तो संगणक बहुधा गावात नसतो. दूरच्या शहरातील एखाद्या सेवाकेंद्रात तो ठेवलेला असतो व त्याची देखभाल करणारा माणूस तिसऱ्याच ठिकाणाहून त्यात शिरतो. पूर्वी दप्तराच्या कपाटाची किल्ली कोणाच्या कंबरेला आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असे. रूटची किल्ली कोणाकडे आहे, ती घेऊन कोण केव्हा आत गेला आणि त्याने काय केले, हे विचारल्यास ज्या कार्यालयाला नाव व वेळ यांसह सांगता येते, त्याचेच दप्तर सुरक्षित म्हणता येईल.